जांभ्यावरची अंजनी

महाबळेश्वरच्या सदाहरित रानाला वनस्पतिशास्त्रज्ञ तीन झाडांच्या नावांनी ओळखतात: अंजनी, जांभूळ, पिसा. जांभूळ सगळ्यांना ठाऊक. पण उन्हाळ्याच्या तोंडावर तिथे गेलात तर आधी अंजनीच दिसेल. जुन्या, करड्या फांद्यांच्या पेरापेरांवर गर्द निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके. झाडावर निळं फूल, हीच आधी नवलाई! (खानदेशातला अंजन निराळा, त्याचा हिच्याशी काही संबंध नाही.)

फूल नखाएवढंही नसतं, पण पराग सहज हाती लागू देत नाही. परागकोशाला जेमतेम फट. भुंगा फुलाला बिलगतो, पंख न फडफडवता छातीचे स्नायू थरथरवतो आणि मिरपूडदाणी हलवल्यासारखे पराग झडतात. आपल्या मधमाशीला ही युक्ती साधत नाही.

खरी गंमत पानांत आहे. जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत अॅल्युमिनियम विरघळतं आणि बहुतेक झाडांच्या मुळांना ते विषासारखं बाधतं. अंजनीच्या कुळातली अनेक झाडं मात्र ते शोषून पानांत साठवतात. तुरटी हाही अॅल्युमिनियमचाच क्षार, आणि कापडावर रंग पक्का बसवायला रंगारी तीच वापरतात. दक्षिणेतल्या रंगाऱ्यांनी लाल रंग खुलवायला अंजनीची पानं हाताशी धरली होती. रसायनशास्त्राचं पुस्तक न उघडता त्यांना हे कसं उमगलं असेल?

उंच झाडांच्या रानात अंजनी त्यांच्या सावलीत वाढते, म्हणून घराच्या अंगणात आंब्या-फणसाखालची, काहीच धड येत नाही अशी जागा हिला द्यावी. पाणी तुंबू नये, बुंध्याभोवती फरशी नको. पालापाचोळा मात्र तिथेच कुजू द्यावा. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालावं. रोप रोपवाटिकेतूनच आणावं, रानातून उपटून नव्हे. पिकलेलं काळं फळ मिळालं तर बी न वाळवता लगेच पेरावं.

वाढ मात्र भलतीच संथ. लाकूड इतकं कठीण की हिला लोखंडी असंही म्हणतात. दोन वर्षांत कुंपण झाकायचं असेल त्यानं दुसरं काही लावावं. अंजनी फळली की बुलबुल येतात आणि पुढची लागवड तेच करतात, बहुतेकदा शेजाऱ्याच्या अंगणात.