अंबॅसडर की पद्मिनी? गुणोत्तर शिकवायला दोन जुन्या गाड्या



सहावीत गुणोत्तराची उदाहरणं मुलं पटापट सोडवतात, पण "सर, याचा उपयोग काय?" हा प्रश्न उरतोच. गाड्या हा मुलांच्या आवडीचा विषय. म्हणून दोन जुन्या गाड्या वर्गात आणूया.

थोडी ओळख

अंबॅसडर बंगालमधल्या उत्तरपाडा येथे तयार व्हायची. साहेबांची पांढरी गाडी म्हणून आपल्याकडे ती सगळ्यांना माहीत. 2014 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पद्मिनी मात्र आपल्या महाराष्ट्राची. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. ऑक्टोबर 2023 मध्ये तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली.

आकडे फळ्यावर लिहा

(मॉडेलनुसार थोडा फरक पडतो, म्हणून ठोकळ आकडे घेऊ.)

- इंजिन: अंबॅसडर 1489 सीसी, पद्मिनी 1089 सीसी
- शक्ती: अंबॅसडर 50, पद्मिनी 40 अश्वशक्ती
- रिकामी गाडी: अंबॅसडर 1150, पद्मिनी 900 किलो

सीसी म्हणजे घन सेंटीमीटर. पद्मिनीच्या इंजिनाची क्षमता एक लिटरच्या बाटलीपेक्षा जरा जास्त, अंबॅसडरची जवळजवळ दीड लिटर.

आता विचारा, राजूर घाट कोणती गाडी जोमात चढेल? बहुतेक मुलं म्हणतील अंबॅसडर, कारण 50 मोठे. पण ती शक्ती वजनही जास्त ओढते ना! म्हणून दर 1000 किलोमागे किती शक्ती मिळते ते काढू.

रिकामी पद्मिनी: 40 ÷ 900 × 1000 = 44.4
रिकामी अंबॅसडर: 50 ÷ 1150 × 1000 = 43.5

म्हणजे जवळपास बरोबरी! आता प्रत्येकी 60 किलोची पाच माणसं बसवू. दोन्हीकडे 300 किलो वाढले.

भरलेली पद्मिनी: 40 ÷ 1200 × 1000 = 33.3
भरलेली अंबॅसडर: 50 ÷ 1450 × 1000 = 34.5

पारडं फिरलं. असं का? तेच 300 किलो पद्मिनीच्या वजनाचा एक तृतीयांश होतात, अंबॅसडरच्या मात्र साधारण चौथा हिस्सा. वाढलेलं वजन हलक्या गाडीला जास्त जाणवतं. फरक लहान आहे, त्यामुळे "हीच श्रेष्ठ" असा निकाल देऊ नका. गिअर, ब्रेक, टायर यांचाही हिशोब असतोच.

घरचा अभ्यास

पालकांनी घरच्या मोटरसायकलच्या माहितीपुस्तिकेतून वजन आणि शक्ती मुलांना काढून द्यावी. एक, दोन आणि तीन माणसं बसल्यावर गुणोत्तर किती घसरतं ते मुलांनी काढावं. वाढलेलं वजन चढावर इंजिनाला जड जातं, तसंच उतारावर ब्रेकलाही. ट्रिपल सीट घाट का उतरू नये, हे मग वेगळं सांगायची गरज पडणार नाही.