खजिना कुणाचा?

देवास हे नाव मराठी माणसाच्या कानी पडले की त्यास प्रथम आठवण होते ती कुमार गंधर्वांची. १९४८ साली क्षयाने ग्रासलेला हा तरुण गायक कोरड्या हवेच्या शोधात माळव्यातील या गावी आला, काही वर्षे गाणे बंद ठेवून अंथरुणावर पडून राहिला आणि स्ट्रेप्टोमायसिन या त्या काळी नव्याने निघालेल्या औषधाने बरा होऊन पुन्हा गाऊ लागला. औषधाच्या कुपीवर लिहिलेले खरे होते, म्हणून मराठी संगीताला हा गायक परत मिळाला. कुपीत काय आहे हे रोग्याला पाहता येत नाही. त्याला विश्वासच ठेवावा लागतो.

त्याच देवासचे नाव १६ सप्टेंबर २००८ रोजी अगदी वेगळ्या कारणाने जगभर झाले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रॅनबॅक्सी कंपनीच्या पाँटा साहिब व देवास येथील कारखान्यांत तयार होणाऱ्या तीसहून अधिक औषधांना आपल्या देशाचे दार बंद केले. पुढे मे २०१३ मध्ये कंपनीने अमेरिकेच्या न्यायालयात गुन्ह्यांची कबुली दिली आणि एकूण ५० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. याच दोन कारखान्यांतील काही औषधे भेसळयुक्त, म्हणजे तेथील कायद्याने ठरवून दिलेल्या रीतीने न बनविलेली होती, हा त्या कबुलीचा गाभा होता. देवासच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या सामान्य कामगाराचा यात काय दोष? पण गावाच्या नावाला लागायचा तो डाग लागला.

आज या जुन्या प्रकरणाकडे वळण्याचे कारण असे की, रुग्णालये चालविणाऱ्या कंपन्यांचे समभाग घ्यावेत की न घ्यावेत, ही चर्चा आता केवळ मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर होत नाही. आमच्या किनारपट्टीवरील निवृत्त शिक्षक, बँकेतील कारकून, बोटीवरून परतलेला खलाशी, आखातातून पैसे पाठविणाऱ्या मुलाचे वडील, असे सारेच ती करतात. म्हातारपण वाढणार, आजार वाढणार, म्हणून इस्पितळांचा धंदाही वाढणार, हा त्यांचा हिशेब वरवर पाहता चुकीचा नाही. पण या हिशेबात एक रकमेचा रकाना कोरा राहतो, आणि तो कोणता हे देवासपासून सुरू झालेली गोष्ट चांगले शिकविते.

जून २००८ मध्ये जपानच्या दाइची सांक्यो या कंपनीने रॅनबॅक्सीचे मालक असलेल्या सिंग बंधूंचा सुमारे ३५ टक्के हिस्सा दर समभागास ७३७ रुपये या भावाने विकत घेण्याचा करार केला. बंधूंना साडेनऊ हजार कोटींच्या घरात रक्कम मिळायची होती. करारानंतर तीन महिन्यांतच अमेरिकेची बंदी आली आणि वर्ष संपण्यापूर्वी समभागाचा भाव ७३७ च्या निम्म्याच्याही खाली घसरला. महत्त्वाची माहिती आपल्यापासून लपविली गेली, अशी तक्रार घेऊन जपानी कंपनी सिंगापूरच्या लवादापुढे गेली आणि एप्रिल २०१६ मध्ये लवादाने तिच्या बाजूने सुमारे २,५६२ कोटी रुपयांचा निवाडा दिला. व्याज व खर्च धरून ही रक्कम साडेतीन हजार कोटींच्या आसपास गेली आणि जानेवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिच्या वसुलीचा मार्ग मोकळा केला. जपानसारख्या देशातील मातब्बर कंपनी, हाताशी वकिलांची व हिशेबनिसांची फौज, आणि तरीही तिची फसगत झाली. मग तुमच्याआमच्या गावातील गुंतवणूकदाराने काय करावे?

याच घराण्याने उभारलेली दुसरी मोठी संस्था म्हणजे फोर्टिस हेल्थकेअर. मोहालीला २००१ मध्ये तिचे पहिले रुग्णालय सुरू झाले, २००७ मध्ये तिचे समभाग जनतेसाठी खुले झाले, आणि देशभर तिच्या इमारती उभ्या राहिल्या. महत्त्वाकांक्षा इतकी की २०१० मध्ये तिने सिंगापूरच्या पार्कवे या रुग्णालय-समूहाचा जवळपास चौथा हिस्सा घेतला. पण मलेशियाच्या सरकारी गुंतवणूक संस्थेपुढे माघार घेऊन त्याच वर्षी तो विकलाही. काळाचा फेरा पाहा. ज्यांच्याशी तेव्हा चुरस केली, त्याच मलेशियाच्या आयएचएच कंपनीने २०१८ मध्ये फोर्टिसमधील ३१ टक्के हिस्सा घेतला.

मधल्या काळात काय झाले? मालक बंधूंचे बहुतेक समभाग कर्जापोटी तारण पडले होते. धनकोंनी ते जप्त केले आणि २०१८ च्या आरंभी मालकांचा हिस्सा एक टक्क्याच्याही खाली आला. फेब्रुवारी २०१८ मध्ये कंपनीच्या तिजोरीतून सुमारे पाचशे कोटी रुपये संचालक मंडळाच्या मान्यतेवाचून बाहेर गेल्याची बातमी फुटली आणि त्याच सुमारास दोघा बंधूंनी संचालकपद सोडले. १७ ऑक्टोबर २०१८ च्या अंतरिम आदेशाने ‘सेबी’ने ४०३ कोटी रुपये व त्यावरील व्याज बंधूंकडून व संबंधितांकडून वसूल करण्यास फोर्टिसला फर्माविले. जपानी कंपनीच्या वसुलीसाठी राखून ठेवावयाच्या मालमत्तेबाबत न्यायालयाचे आदेश मोडल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये दोघांना अवमानाचे दोषी ठरविले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सहा महिन्यांची कैद सुनावली.

आता देवासच्याच इतिहासातील एक पान उलटू. पेशव्यांच्या काळी तुकोजी व जिवाजी या दोघा पवार बंधूंनी देवासला आपल्या गाद्या स्थापन केल्या. त्यांच्याच भाऊबंदांची गादी शेजारी धारला होती. देवास तर एकच गाव, पण त्यात थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव हे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई. १९२१ मध्ये इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर त्यांच्या पदरी चिटणीस होता आणि राजाच्या मायाळूपणाचे वर्णन त्याने पुढे जिव्हाळ्याने केले आहे. राजा दुष्ट नव्हता; पण राज्याचा खजिना आणि आपला खिसा यांत भेद करण्याची सवय त्या दरबाराला नव्हती. संस्थान कर्जात बुडाले, १९३३ मध्ये महाराज फ्रेंचांच्या पाँडिचेरीस निघून गेले आणि १९३७ मध्ये तेथेच वारले. प्रजेला त्या खजिन्याचा जाब विचारण्याचा हक्कच नव्हता. १९४८ मध्ये धार व देवास मध्यभारतात विलीन झाली आणि तो हक्क प्रजेला मिळाला.

संस्थाने गेली, पण संस्थानी वृत्ती गेली काय? आमच्या मते ती कंपन्यांच्या कचेऱ्यांत पुष्कळ ठिकाणी सुखाने नांदते आहे. ज्या कंपनीत हजारो भागधारकांचा पैसा आहे, तिला ‘माझी कंपनी’ म्हणणारा मालक, वडिलांची गादी मुलास देणारे संचालक मंडळ आणि माना डोलावणारे मानकरी हे दृश्य आम्हास अपरिचित नाही. फरक एवढाच की येथे प्रजेला कायद्याने मत दिलेले आहे, आणि ती ते वापरीत नाही.

वापरले तर काय होते, तेही फोर्टिसनेच दाखविले. मे २०१८ मध्ये संचालक मंडळाने मुंजाल-बर्मन यांच्या १,८०० कोटींच्या प्रस्तावास पसंती दिली, तेव्हा अधिक चांगला भाव देऊ पाहणारे इतर दारात उभे असताना हा निर्णय का, असा प्रश्न काही मोठ्या गुंतवणूक संस्थांनी विचारला. चार संचालकांना काढून टाकण्याचा ठराव त्यांनी त्याआधीच मांडलेला होता. तिघे सभेआधीच पायउतार झाले आणि चौथ्याला २२ मे रोजी भागधारकांनी मोठ्या बहुमताने दूर केले. नव्याने बोली मागविल्या गेल्या आणि जुलैमध्ये १७० रुपये भावाने ४,००० कोटी रुपये देणारी आयएचएच कंपनी निवडली गेली. आपल्या देशात भागधारकांनी संचालकास मताने घालविल्याचे असे प्रसंग फार नाहीत. मात्र लहान भागधारकांसाठी त्याच भावाने यावयाचा खुला प्रस्ताव सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१८ च्या स्थगितीमुळे अडकला आणि तो अडकलेला असतानाच बाजारभाव १७० च्या कितीतरी वर निघून गेला. ज्यांनी घाबरून विकले ते हळहळले, ज्यांनी धीर धरला ते सुटले. पण नशिबाने मिळालेल्या या नफ्याला शहाणपण समजण्याची चूक कोणी करू नये.

ही गोष्ट एका घराण्यापुरती आहे असेही नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लुपिन कंपनीला एकाच पत्रात दोन कारखान्यांविषयी ताकीद दिली. त्यांतील एक धार जिल्ह्यातील पीथमपूरचा होता आणि दुसरा गोव्याचा. समभाग एका दिवसात सोळा-सतरा टक्क्यांनी कोसळला. माळव्याचे पठार आणि आमचा किनारा औषधाच्या गोळीने व समभागाच्या कागदाने असे एकत्र बांधले गेले आहेत.

येथे आणखी एक प्रश्न उभा राहतो, आणि तो भावाहून मोठा आहे. रुग्णालयाचा भागधारक हाच उद्या त्या रुग्णालयाचा रोगी असतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने दिल्ली परिसरातील चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा घेतला गेल्याचे आढळले. भागधारक म्हणून अशा नफ्याने आनंदणारा मनुष्य रोगी म्हणून त्याच नफ्याखाली चिरडला जातो. रुग्णालयाला नफा नको असे आमचे म्हणणे नाही. नफ्याविना यंत्रे येत नाहीत आणि डॉक्टर टिकत नाहीत. पण ज्या नफ्याचे कारण रोग्याला मोकळेपणाने सांगता येत नाही, तो भागधारकासही कायमचा पुरत नाही. देवासच्या कारखान्याने शिकविले ते हेच. प्रामाणिकपणा ही औषधाची व उपचाराची केवळ शोभा नव्हे, ते त्या धंद्याचे भांडवल आहे, आणि आम्ही ज्या कोऱ्या रकान्याविषयी वर बोललो तो हाच.

तेव्हा समभागांची चर्चा करणाऱ्या आमच्या वाचकांस दोन शब्द सांगतो. भाव किती चढला हे विचारण्यापूर्वी मालकांचे किती समभाग तारण आहेत हे पाहा. तो आकडा कंपनीला दर तिमाहीस जाहीर करावाच लागतो. कंपनीने आपल्याच गोतावळ्यातील संस्थांना ठेवी वा कर्जे दिली आहेत काय, हे वार्षिक अहवालात शोधा. हिशेबतपासनिसाचा शेरा वाचा; तो नेहमी शेवटी व बारीक टाइपात असतो, आणि नेमका म्हणूनच वाचावयाचा असतो. निकाल लांबणीवर पडले तर कारण विचारा. ठरावांवर घरबसल्या मत देता येते, ते द्या. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार वीस हजार रुपयांपर्यंतच्या दर्शनी किमतीचे समभाग असलेले लहान भागधारक, एक हजारजण किंवा त्यांच्या एकूण संख्येचा दहावा हिस्सा, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके एकत्र आल्यास, आपला एक संचालक निवडून देण्याची मागणी करू शकतात. हा हक्क पुस्तकातच पडून आहे.

आमच्याकडे गावदेवीच्या वार्षिक सभेत महाजन मंडळी दिव्याच्या तेलाचा आणि नारळांचा हिशेब पैपैसकट विचारतात. खजिनदार कितीही मानाचा असो, वही उघडल्याशिवाय सभा उठत नाही, आणि त्यात कोणास अपमान वाटत नाही. तोच महाजन आयुष्यभराची पुंजी एखाद्या कंपनीत घालतो आणि तिचा अहवाल न उघडताच बाजूला टाकतो! देवीच्या तेलापुरती असलेली ही जागरूकता त्याने आपल्या म्हातारपणाच्या आधारासाठीही दाखवावी, एवढीच आमची अपेक्षा आहे. देवासच्या प्रजेला खजिन्याची वही कधी पाहता आली नाही. आमच्या हाती ती दर वर्षी येते, आणि ती उघडून पाहणे आमचेच काम आहे.