आडवी झालेली लिफ्ट

मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला लागून एक बुटकी खोली असते. दाराला कुलूप, वर कवटीचं चित्र असलेली पाटी. आतून मधूनच ‘खट्’ असा आवाज येतो आणि मोटर घरघरू लागते. खाली कुणीतरी बटण दाबलेलं असतं. हा ‘खट्’ कॉन्टॅक्टरचा, म्हणजे बारीक प्रवाहाच्या हुकमावर मोटरचा मोठा प्रवाह जोडणाऱ्या स्विचचा. प्रस्तुत लेखकाला या आवाजाचा जुना नाद आहे. त्याचा माग काढत गेलं, की वाट न्यूयॉर्कमधल्या एका तळघरात उतरते आणि तिथून वळून थेट कुर्ला स्टेशनात येते.

लिफ्ट म्हटलं की ओटिस. दोर तुटला तरी पाळणा अडवून धरणारी त्याची खिट्टी सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ती कथा इथे नको. फ्रँक स्प्रेग मात्र कुणाच्या गावीही नसतो.

हा अमेरिकन नौदलातला माणूस १८८३ मध्ये एडिसनकडे आला आणि वर्षभरात बाहेर पडला. १८८८ मध्ये रिचमंड शहरात त्याने विजेच्या ट्राम चालवून दाखवल्या. पुढे एडिसनच्या कंपनीने त्याची कंपनी गिळली आणि यंत्रांवरून स्प्रेगचं नावही पुसलं. तो राजीनामा देऊन निघाला, पण सल गेला नाही. त्याच्या मृत्यूनंतर, १९४७ मध्ये, पत्नी हॅरिएटने एक पुस्तकच काढलं. पुस्तकाच्या नावात ‘एडिसन मिथ’ असे शब्द आहेत. नवऱ्याच्या बाजूने इतकं रोखठोक भांडणारं शीर्षक विरळाच.

राजीनाम्यानंतर स्प्रेग वळला लिफ्टकडे. उंच इमारतींत तेव्हा पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या लिफ्टचं राज्य होतं: पंप, टाक्या, जाडजूड नळ. विजेची लिफ्ट होती, पण उंच आणि वेगवान कामासाठी तिच्यावर कुणाचा भरवसा नव्हता. ब्रॉडवेवरच्या चौदा मजली पोस्टल टेलिग्राफ इमारतीचं काम स्प्रेगला मिळालं ते जाचक अटींवर. लिफ्ट पसंत पडल्या नाहीत, तर त्या काढून पदरमोडीने पाण्याच्या बसवून द्यायच्या! त्याने सही केली. जोडीदार चार्ल्स प्रॅटसह त्याने तळघरात लांबलचक आडवे स्क्रू बसवले. मोटरने स्क्रू फिरला की त्यावरचा नट सरकायचा, नटाबरोबर कप्प्या आणि कप्प्यांबरोबर वरचा पाळणा. १८९४ च्या सुमारास लिफ्ट सुरू झाल्या आणि टिकल्या.

खरी गोम स्क्रूत नव्हती, तारांत होती. लिफ्टमनच्या हातातल्या स्विचमधून मोटरचा मोठा प्रवाह जातच नाही. जातो तो बारीकसा प्रवाह, निव्वळ हुकूम. ताकदीचं काम खालचं नियंत्रक यंत्र करतं. अनेक लिफ्ट एकाच मास्टर स्विचवरून हलवता येतात, हे तळघरात ध्यानात आल्यावर स्प्रेगच्या डोक्यात आलं: पाळण्यांऐवजी आगगाडीचे डबे घेतले तर?

१८९७ मध्ये शिकागोच्या साउथ साइड उन्नत रेल्वेचं कंत्राट त्याने घेतलं, तेही एक लाख डॉलरचा जामीन लिहून देऊन. जुलैत स्केनेक्टडी इथे सहा डब्यांची चाचणी झाली. इंजिन नाही, डब्याडब्याला मोटर आणि सगळ्यांना एकच हुकूम. एका फेरीत त्याने हँडल दिलं ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाच्या, डेझ्मंडच्या हाती. जाहिरातबाजी म्हणावी तर आहेच. पण ताकद नव्हे, हुकूमच पुरतो हे याहून स्वच्छ कसं दाखवणार?

लंडनने उलटा धडा घेतला. १९०० साली उघडलेल्या सेंट्रल लंडन या भुयारी रेल्वेने स्थानकांसाठी लिफ्ट स्प्रेगच्या घेतल्या, पण गाड्यांना जड इंजिनं जोडली. वर घरं हादरू लागली, तक्रारी झाल्या. १९०३ मध्ये इंजिनं गेली आणि स्प्रेगची पद्धत आली.

मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते व्हीटी ते कुर्ला विजेची लोकल सुरू झाली, ती याच पद्धतीची. आजही मोटरमन पुढच्या केबिनमध्ये हँडल फिरवतो आणि डब्यांमधल्या जंपर केबलींतून हुकूम मागच्या मोटर कोचपर्यंत पोचतो. जुन्या रेकमध्ये मोटर कोचात बसलेल्यांना गाडी सुटताना ऐकू यायची ती ‘खट्-खट्-खट्’ गच्चीवरच्या खोलीतल्या आवाजाची सख्खी बहीण.

स्प्रेग मात्र पुन्हा लिफ्टकडे गेला. सत्तरी ओलांडल्यावर त्याने एकाच खोबणीत दोन पाळणे चालवण्याचा ध्यास घेतला, एक जलद आणि एक धीमा. १९३१ मध्ये ईस्ट पिट्सबर्गच्या वेस्टिंगहाउस इमारतीत ती जोडी धावली. एका मार्गावर दोन गाड्या, आणि मागची पुढचीवर आदळता कामा नये: या खेपेला रेल्वेचा पेच उभा होऊन इमारतीत शिरला होता.