बेथ एलला दहावा हवा!

पनवेल म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? एक्स्प्रेसवेला लागण्याआधीचा चहा, हार्बर लाइनचं शेवटचं स्टेशन, गणपतीत एसटी डेपोवर उसळणारी कोकणची गर्दी. आणि हल्ली एअरपोर्ट, म्हणजे पर्यायाने वन बीएचकेचे भाव! पनवेलमध्ये ज्यूंचं एक प्रार्थनास्थळ आहे आणि ते भारतातल्या पहिल्या प्रवासी रेल्वेपेक्षा चार वर्षांनी मोठं आहे, असं मी परवा ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये सांगितलं, तर निम्म्या टेबलाला वाटलं मी फेकतोय.

फेकत नव्हतो. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली 1853मध्ये. पनवेलची नगरपालिका स्थापन झाली 1852मध्ये. आणि जुन्या पनवेलातलं बेथ एल सिनेगॉग उभं राहिलं 1849मध्ये. म्हणजे नळपट्टी भरायला ऑफिस नव्हतं, तेव्हापासून हे घर आहे. आजूबाजूला बाजार, दुकानांच्या पाट्या, हॉर्न वाजवत वाट काढणारी स्कूटर. आपण त्याच गर्दीतून मासळी घेऊन जातो आणि मान वळवत नाही. गावात 'इस्रायल तलाव' नावाचा तलाव आहे, त्या नावामागे कोण आहे असा प्रश्नही आपल्याला पडत नाही.

माझ्या मावशीला तो प्रश्न कधी पडलाच नाही, कारण तिला उत्तर माहीत होतं. तिच्या लहानपणी शेजारी एक इस्रायली कुटुंब होतं. बाई नऊवारीत, घरात अस्सल कोकणी मराठी आणि आडनावाला आपल्यासारखंच 'कर'. त्यांच्या नव्या वर्षाला मावशीकडे चिकाच्या हलव्याची ताटली यायची. गव्हाचं सत्त्व, नारळाचं दूध आणि साखर घोटून घोटून वड्या पाडतात, तो हा हलवा. 'हात दुखेपर्यंत ढवळायचा असतो रे, तुमच्या त्या मायक्रोवेव्हचं काम नाही,' इति मावशी. एक दिवस ते कुटुंब इस्रायलला गेलं. ताटली मावशीकडेच राहिली.

ही बेने इस्रायल मंडळी. त्यांची परंपरा सांगते, की दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली. इतिहासकार तारखेवरून भांडत बसतात, पण कोकणाने त्यांना दिलेलं नाव भांडणापलीकडचं आहे: शनिवार तेली. धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद. ते ज्या गावचे, त्या गावाचं आडनाव झालं: केहिमचे केहिमकर, दिव्याचे दिवेकर. सॅम्युअल दिवेकरांनी 1796मध्ये मुंबईत या समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. मग कोकणात रेवदंडा, अलिबाग आणि पनवेल.

आता 'सिनेगॉग' या शब्दाचा फंडा बघा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ एकत्र जमणं. हिब्रूत त्याला म्हणतात 'बेथ क्नेसेट', म्हणजे सरळसरळ सभाघर. मंदिरासारखी तिथे मूर्ती नाही. एक कपाट, त्यात चामड्यावर हाताने लिहिलेल्या तोराच्या गुंडाळ्या, मधोमध कठडा घातलेला चौथरा आणि भोवती बाकं. बाकीचं सगळं माणसांनी करायचं. आणि कोकणातल्या या सभाघराचा कारभार तर थेट गावगाड्यासारखाच होता. प्रमुखाला म्हणायचे मुकादम, त्याच्या हाताखाली चौगुला. लग्न तिथे ठरायचं, भांडण तिथे मिटायचं, चुकलेल्याला दंडही तिथेच व्हायचा. थोडक्यात, प्रार्थनागृह अधिक पंचायत अधिक कम्युनिटी हॉल!

मग आली 26 जुलै 2005ची रात्र. आपल्या सगळ्यांकडे त्या दिवसाची एक गोष्ट असते. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर, मिठी नदी, कंबरभर पाण्यातून घरी चालत आलेले नातेवाईक. मुंबईच्या गोष्टींत पनवेल हरवून गेलं. गाढी नदीचं पाणी गावात घुसलं, बाजारपेठ बुडाली आणि बेथ एलसुद्धा बुडालं. बाकं, पुस्तकं, दिवे ठीक आहे हो, पण तोराच्या गुंडाळ्याही भिजल्या.

हे नुकसान किती मोठं, ते समजायला एक आकडा पुरे. एका तोरामध्ये 3,04,805 अक्षरं असतात. प्रत्येक अक्षर प्रशिक्षित लेखनिक, 'सोफर', बोरूने आणि काळ्या शाईने लिहितो. एक अक्षर पुसलं तरी ती गुंडाळी दुरुस्त होईपर्यंत वाचनाला चालत नाही. नवीन लिहायची तर साधारण वर्ष जातं. आणि जी दुरुस्तीपलीकडे गेली, ती टाकून देत नाहीत. माणसासारखी कब्रस्तानात पुरतात. आपल्या हार्ड डिस्कचा बॅकअप नसला की आपण दोन दिवस जेवत नाही. इथे तर पिढ्यांनी हात लावलेलं चामडं चिखलात होतं!

समाजाने आवराआवर केली आणि बेथ एल पुन्हा प्रार्थनेला उघडलं. वाक्य छोटं आहे, काम छोटं नव्हतं. पुरात बसलेली जुनी वास्तू ही नव्या फ्लॅटसारखी पुसून, रंग काढून मोकळं होण्याची गोष्ट नाही. त्या काळच्या भिंती चुन्याच्या. चुना श्वास घेतो. आत शिरलेली ओल हळूहळू बाहेर सोडतो. घाईघाईने त्यावर सिमेंटचं प्लॅस्टर आणि वर चकचकीत ऑइल पेंट मारला, की ओल आत कोंडते. मग दोन पावसाळ्यांत लोणा धरतो, पोपडे येतात, लाकूड आतून कुजतं. आपल्याकडे देवळांच्या जीर्णोद्धारात बाथरूमच्या टाइल्स गाभाऱ्यापर्यंत पोचलेल्या मी पाहिल्यात, त्यामुळे या विषयावर मी जरा जास्तच बोलतो. सोडा.

तर प्रश्न वास्तू वाचवण्याचा आहेच. पण वास्तू कशा वाचतात ते आता आपल्याला माहीत आहे. फोर्टातलं केनेसेथ एलियाहू बघा, काळा घोड्याच्या मागचं. ससून कुटुंबाचं, 1884चं. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड, जेएसडब्ल्यू फाउंडेशन आणि आर्किटेक्ट आभा नारायण लांबा यांनी त्याचं सॉलिड काम केलं आणि 2019मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. किंवा केरळात जा. परूरचं सिनेगॉग सरकारने मुझिरिस प्रकल्पात सुंदर दुरुस्त केलंय. आज ते म्युझियम आहे. तिकीट काढा, आत जा, छत बघा, फोटो काढा. फक्त तिथे जमणारी माणसं नाहीत. कोचीच्या एका सिनेगॉगचं तर लाकूडकाम जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये जाऊन बसलंय.

पनवेलसमोरचा खरा प्रश्न हा आहे. सभाघर दुरुस्त झालं, आता सभा कोण भरवणार?

कारण ज्यूंच्या सामुदायिक प्रार्थनेला परंपरेने तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. त्याला 'मिन्यान' म्हणतात. नऊ जमले तर काही महत्त्वाच्या प्रार्थना होत नाहीत, कपाटातली तोरा बाहेर काढून वाचता येत नाही. नऊ इंजिनीअर, नऊ कोट्यधीश, नऊ विद्वान, काही उपयोग नाही. दहावा शाळकरी पोरगा चालेल, फक्त तो आला पाहिजे. (बायकांना या दहात धरत नाहीत. जगातल्या अनेक ज्यू समाजांनी हा नियम बदललाय, कोकणातल्या सिनेगॉग्जनी नाही. माझ्या मैत्रिणींना हे वाचून जे वाटेल ते मलाही वाटलं.)

आकडेवारी बघितली की दहाची किंमत कळते. 1951च्या जनगणनेत भारतात सव्वीस हजारांवर ज्यू होते. 2011मध्ये पाच हजारांपेक्षा कमी, त्यातले निम्म्याहून जास्त महाराष्ट्रात. छळ झाला म्हणून गेले का? नाही, आणि हे ते स्वतःच जगभर अभिमानाने सांगतात. 1948मध्ये इस्रायल झाला, नोकऱ्या होत्या, नातेवाईक पुढे गेले होते. जे राहिले त्यातले बरेच मुंबईत आणि ठाण्यात स्थिरावले. आपण गाव सोडून पुण्याला जातो त्याच कारणांनी. 2016मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. त्याने कागदपत्रं सोपी होतात, दहावा माणूस मिळत नाही.

त्यात शब्बाथचा पेच वेगळाच. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत काम बंद, आणि नियम काटेकोर पाळला तर वाहनही बंद. म्हणजे ठाण्याचे पन्नास उत्साही तरुण असले तरी नियमाने पनवेलचा दहावा हा चालत येण्याइतका जवळ राहणारा हवा. व्यवहारात किती जण चालत येतात आणि किती रिक्षाने, हे मी विचारलं नाही. विचारूही नये.

आणि इथेच गंमत आहे. एअरपोर्टचं उद्घाटन 2025मध्ये झालं, अटल सेतू 2024पासून सुरू आहे, अख्खी मुंबई पनवेलकडे सरकतेय. गेल्या पिढीला जे शहर सोडून जावंसं वाटलं, तिथे आज घर घ्यायला लोक वीस वर्षांचं कर्ज काढतायत. ठाण्यात वाढलेला, ऐरोलीला नोकरी करणारा एखादा तरुण 'कर' उद्या ईएमआयचा हिशेब करून जुन्या पनवेलात वन बीएचके घेईल, हे अशक्य थोडंच आहे? ब्रोकरला 'स्टेशन किती मिनिटं' विचारतात, तसं तो 'बेथ एल किती मिनिटं' विचारेल. भिंतीच्या प्लॅस्टरपेक्षा या एका अॅग्रीमेंटने त्या वास्तूचं जास्त भलं होईल, असं माझं ठाम मत आहे.

आपल्यासारख्या बाकीच्यांनी काय करायचं? दहात आपली गणती होणार नाही, पण बघायला जाता येतं. एकच लक्षात ठेवा: 26 नोव्हेंबर 2008ला नरिमन हाउसवर हल्ला झाल्यापासून ज्यू स्थळांच्या सुरक्षेकडे काटेकोरपणे पाहिलं जातं. त्यामुळे शनिवारी कॅमेरा गळ्यात घालून दारात उभं राहू नका. आधी परवानगी घ्या, ओळखपत्र बरोबर न्या, आत डोकं झाका आणि फोटोचं विचारून घ्या. पावसाळा सोडून गेलात तर उत्तम. पण ऐन पावसात गेलात, तर गाढीचं पाणी कुठवर आलं होतं हे कुणीतरी हात वर करून दाखवेल अशी शक्यता जास्त.