नावं तीन, वाण किती?
फळझाडांचा वारसा : भाग ६

हंगेरीत ‘बेस्तेर्त्सेई’, सर्बियात ‘पोझेगाचा’, जर्मनीत ‘हाउसत्स्वेट्शे’. लांबट, निळ्या-जांभळ्या सालीच्या या प्लमला मध्य युरोपात देशागणिक वेगळं नाव आहे. हे सगळे एकाच घराण्यातले मानले जातात. पण घराणं एक म्हणजे वाणही एकच का? फळ पाहून हे ठरत नाही, कारण जमीन, पाऊस आणि झाडाचं वय बदललं की फळाचा आकार आणि गोडीही बदलते.

म्हणून पान घ्यायचं आणि डीएनए काढायचा. मागच्या भागात पाहिलेलं, डीएनएचा हवा तेवढाच तुकडा वाढवणारं पीसीआर तंत्र इथे उपयोगी पडतं. डीएनएमध्ये काही जागी दोन-तीन अक्षरांचा तुकडा सलग पुन्हा पुन्हा येतो. एका झाडात तो 12 वेळा असेल, तर दुसऱ्यात 17 वेळा. या जागांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात आणि ओळखीच्या खुणा, म्हणजे मार्कर, म्हणून त्या वापरतात. तेवढाच भाग वाढवून त्याची लांबी मोजायची. अशा अनेक जागांच्या लांब्या जुळल्या, तर दोन नावांची झाडं बहुधा एकाच मूळ झाडाची कलमं असतात. पीच हा प्लमचा जवळचा नातलग, त्यामुळे पीचसाठी शोधलेले पुष्कळ मार्कर प्लमलाही चालतात.

खरी अडचण पुढेच आहे. हिमाचलात लावला जाणारा ‘सांता रोझा’ हा ल्यूथर बरबँक यांनी कॅलिफोर्नियात तयार केलेला, जपानी प्लमच्या वळणाचा वाण. त्याची गुणसूत्रं 16, म्हणजे दोन संच, म्हणून एका जागी फार तर दोन लांब्या मिळतात. युरोपीय प्लमची गुणसूत्रं मात्र 48, म्हणजे सहा संच! एका जागी सहा वेगवेगळ्या लांब्या निघू शकतात. चारच दिसल्या, तर त्यांतली कोणती दोनदा वा तीनदा आहे, हे सहज कळत नाही. म्हणून संशोधक बहुतेकदा ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढीच नोंद करतात. त्यात बरीच माहिती निसटते. त्यामुळे दोन्ही प्लमच्या विविधतेचे आकडे शेजारी ठेवून थेट तुलना करणं मला चुकीचं वाटतं.

दुसरी मर्यादा त्याहून नाजूक आहे. एखाद्या फांदीत अचानक बदल होतो, तिची फळं लवकर पिकतात आणि बागायतदार तिचंच कलम करतो. मोजक्या जागांवरचे मार्कर हा बदल सहसा पकडत नाहीत. शेतकऱ्याची नजर पकडते.

एवढा खटाटोप का, याचं उत्तर ‘शार्का’ या विषाणूजन्य रोगात आहे. पोझेगाचा त्याला फार लवकर बळी पडतो आणि कलमांच्या बागेत एका झाडाची दुबळी बाजू सगळ्यांचीच असते. रोगाला तोंड देणारा नवा वाण घडवायला वेगळ्या रक्ताची झाडं लागतात, ती संग्रहात ओळखून जपावी लागतात. जागा आणि पैसा अपुरा असल्याने दुबार झाडं काढणं भागच आहे. पण केवळ मार्कर जुळले म्हणून कुऱ्हाड चालवू नये, निदान दोन-तीन हंगाम फळं शेजारी ठेवून पाहावीत.