महाविद्यालयीन प्रवेशाची पूर्वतयारी : विषयनिवड, प्रवेश परीक्षा आणि कागदपत्रे

प्रस्तावना :
बारावीचा निकाल जाहीर झाला की महाविद्यालयांच्या प्रवेश समित्यांसमोर दरवर्षी एक परिचित प्रसंग उभा राहतो. गुण पुरेसे असतात, अभ्यासक्रमही निश्चित झालेला असतो. परंतु एखादे प्रमाणपत्र मिळालेले नसते आणि विद्यार्थ्याला हक्काच्या जागेवर पाणी सोडावे लागते. अशा वेळी दोष सामान्यतः विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणाला दिला जातो. वस्तुतः प्रवेशाची तयारी केव्हा आणि कोणत्या क्रमाने करावयाची, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. प्रस्तुत लेखात माध्यमिक स्तरापासून करावयाच्या या पूर्वतयारीचे स्वरूप महाराष्ट्राच्या संदर्भात स्पष्ट केले असून, तीत महाविद्यालयीन प्राध्यापकांची भूमिका काय असू शकते याचाही विचार केला आहे.

विषयनिवड : पहिला निर्णय
महाविद्यालयीन प्रवेशाचा खरा निर्णय बारावीनंतर नव्हे, तर दहावीनंतर होतो. अकरावीला गणित सोडणाऱ्या विद्यार्थ्याला अभियांत्रिकीचा नेहमीचा मार्ग बंद होतो. जीवशास्त्र सोडणाऱ्याला वैद्यकीय शाखेचा. औषधनिर्माणशास्त्रासाठी मात्र भौतिकशास्त्र व रसायनशास्त्रासोबत गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक विषय चालतो. ही साधी माहितीही अनेक कुटुंबांपर्यंत पोहोचत नाही. 'मित्राने घेतला' किंवा 'जवळच्या महाविद्यालयात तेवढाच गट आहे' या कारणांनी विषय ठरतात.

अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश पूर्वी मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती अशा मोठ्या शहरांच्या क्षेत्रांपुरते मर्यादित होते. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून ही पद्धती संपूर्ण राज्यात लागू झाली. या पद्धतीत महाविद्यालयांचा पसंतीक्रम हाच निर्णायक ठरतो. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यावर तेथे प्रवेश न घेणारा विद्यार्थी नियमित फेऱ्यांतून बाहेर पडतो. म्हणून पसंतीक्रम भरताना अंतर, प्रवासाची सोय, शुल्क आणि उपलब्ध विषय यांचा विचार घरच्यांसमवेत अगोदरच होणे आवश्यक आहे.

प्रवेश परीक्षा :
अकरावी हे 'विश्रांतीचे वर्ष' होय, असा समज विद्यार्थ्यांत रूढ आहे. तो घातक आहे. राज्याच्या एमएचटी-सीईटी परीक्षेत अकरावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे २० टक्के, तर बारावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे ८० टक्के भार दिला गेला आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत अकरावी व बारावी अशा दोन्ही वर्षांच्या अभ्यासक्रमावर प्रश्न येतात. शिवाय नीटमध्ये चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा होतात, सीईटीत होत नाहीत; त्यामुळे दोन्ही परीक्षांच्या तयारीची रीतही भिन्न असावी लागते.

प्रवेश परीक्षा केवळ विज्ञान शाखेसाठी असतात, हाही समज आता टिकणारा नाही. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमासाठी राज्याची स्वतंत्र सीईटी आहे. केंद्रीय विद्यापीठांतील पदवी प्रवेशांसाठी २०२२ पासून सीयूईटी सुरू झाली. बीबीए, बीसीए, बीएमएस यांसारख्या अभ्यासक्रमांना २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आणण्यात आले व राज्यात त्यांच्यासाठीही सीईटी घेण्यात आली. पहिल्याच वर्षी अनेक विद्यार्थी या परीक्षेपासून दूर राहिले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अतिरिक्त परीक्षा घ्यावी लागली. वाणिज्य व कला शाखेच्या विद्यार्थ्यांपर्यंत प्रवेशविषयक माहिती किती उशिरा पोहोचते, याचा हा बोलका पुरावा होय.

कागदपत्रे : सर्वाधिक उपेक्षित अंग
विषयनिवड व परीक्षा यांविषयी निदान चर्चा तरी होते. कागदपत्रांची आठवण मात्र अर्ज भरण्याच्या दिवशी होते. वय-अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र किंवा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र यांपैकी काहींची मुदत मर्यादित असते. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र प्रवेशानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत वैध असावे लागते. ते फार लवकर काढूनही चालत नाही आणि फार उशिराही. उत्पन्नाच्या दाखल्याचे महत्त्व तर अलीकडे वाढले आहे. ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या, विहित प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात संपूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४-२५ पासून लागू केला.

यांहून कठीण प्रश्न जात वैधता प्रमाणपत्राचा आहे. माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये जात पडताळणीची कार्यपद्धती घालून दिली. त्यानंतर राज्याने २००० चा अधिनियम संमत केला. खोट्या दाव्यांना आळा घालणे हा त्यामागील हेतू रास्तच आहे. अर्जदाराला मात्र आपले पूर्वज मानीव दिनांकापूर्वी त्या जातीचे व त्या ठिकाणचे रहिवासी होते, हे दाखवावे लागते. हा दिनांक अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ असा आहे. त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, जन्म-मृत्यूच्या नोंदी, महसुली उतारे आणि वंशावळ जमवावी लागते. पुरावा अपुरा वाटल्यास दक्षता पथकामार्फत चौकशी होते, आणि तीत काही महिने सहज जातात.

ज्या कुटुंबाकडे जमीन होती, ज्यांचे आजोबा शाळेत गेले होते, त्यांना हे पुरावे मिळतात. ज्यांचे पूर्वज पाल ठोकून गावोगाव फिरत होते, त्यांच्या नोंदी कोणत्या दप्तरात शोधावयाच्या? आरक्षणाची सर्वाधिक गरज ज्याला आहे, त्याच्यावरच पुराव्याचे ओझे सर्वाधिक पडते, हा या व्यवस्थेतील खरा पेच आहे. प्रमाणपत्र सादर करण्यास शासन वेळोवेळी मुदतवाढ देते. परंतु ती गृहीत धरता येत नाही. मुदतीत प्रमाणपत्र न आल्यास राखीव जागेवरील दावा टिकत नाही.

शालेय अभिलेखातील विसंगती हा आणखी एक अडसर आहे. आडनावातील ऱ्हस्व-दीर्घाचा फरक, वडिलांच्या नावाची निराळी नोंद, जातीच्या रकान्यात केवळ धर्माचा उल्लेख अशा चुका पुढे मोठ्या ठरतात. विद्यार्थी शाळेत शिकत असतानाच त्या दुरुस्त करणे तुलनेने सुकर असते. दाखला हाती पडल्यावर तोच मार्ग बिकट होतो. या दृष्टीने नववी व दहावी ही वर्षे सर्वांत मोलाची आहेत.

महाविद्यालयाची भूमिका :
प्राध्यापकवर्गाची विद्यार्थ्याशी भेट प्रवेशाच्या खिडकीपाशी, म्हणजे बहुतेक निर्णय होऊन गेल्यावर होते. ही भेट तीन-चार वर्षे अलीकडे आणणे महाविद्यालयाला अशक्य नाही. परिसरातील माध्यमिक शाळांत वर्षातून एकदा नववी-दहावीच्या पालकांची सभा घेता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गावातील विद्यार्थ्यांचे दाखले तपासून त्रुटींची यादी करता येईल. महाराजस्व अभियानांतर्गत शाळांतून दाखले वाटपाचे उपक्रम झालेले आहेत. तहसील कार्यालयाशी समन्वय साधून त्यांना पूरक काम करता येईल. कनिष्ठ महाविद्यालयांनी पडताळणीचे प्रस्ताव अकरावीतच तयार करून घ्यावेत. एखाद्या कुटुंबातील रक्तनात्यातील व्यक्तीला वैधता मिळालेली असल्यास तिच्या प्रमाणपत्राची प्रत प्रस्तावास जोडणे विशेष उपयुक्त ठरते, हे पालकांना आवर्जून सांगावे. ज्यांच्याकडे जुनी नोंद अजिबात नाही, अशा विद्यार्थ्यांची प्रकरणे सर्वप्रथम हाती घ्यावीत. कारण वेळेची सर्वाधिक गरज त्यांनाच असते.

समारोप :
महाविद्यालयीन प्रवेशाची तयारी म्हणजे केवळ गुणांची तयारी नव्हे. योग्य विषय, योग्य परीक्षा आणि वेळेवर मिळालेली कागदपत्रे या तिन्हींचा मेळ बसला तरच गुणांना अर्थ प्राप्त होतो. सुशिक्षित घरातील विद्यार्थ्याला हे घरीच कळते. घरातून प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या विद्यार्थ्याला ते सांगणारे कोणी नसते. ती उणीव भरून काढणे हे महाविद्यालयाच्या सामाजिक दायित्वाचाच एक भाग होय. आणि त्याची सुरुवात प्रवेश अर्जाच्या खिडकीपाशी नव्हे, तर शेजारच्या शाळेतील नववीच्या वर्गात व्हावयास हवी.