निळ्या पडद्याचा पंचनामा

घरचा संगणक चालता चालता निळा पडदा दाखवून मान टाकू लागला, की सफाईची हमी देणाऱ्या नाना युटिलिटींची खोगीरभरती करण्यापूर्वी (रजिस्ट्री झाडणाऱ्या साधनांचे समर्थन तर खुद्द मायक्रोसॉफ्टही करीत नाही) विंडोजचे स्वतःचे दप्तर तपासणे इष्ट. कारण ‘रिलायबिलिटी मॉनिटर’मध्ये बिघाडांची तारीखवार नोंद असते, आणि तांबड्या फुलीच्या आदल्याच दिवशी एखादा नवा ड्रायव्हर वा दुसरा अँटिव्हायरस दाखल झालेला दिसला, तर पहिला संशयित तोच. ‘सेफ मोड’मध्ये केवळ अत्यावश्यक ड्रायव्हरच हजर असतात; तेथेही यंत्र कोसळत राहिले, तर संशय हार्डवेअरकडे वळवून ‘मेमरी डायग्नोस्टिक’ने रॅमची परीक्षा घ्यावी आणि पंख्यात साचलेली धूळही पाहावी.